छावणी महापालिकेत जाणार म्हणे! पण निजामाच्या राज्यात ही छावणी आली कशी, आणि तिचा पगार कोणी भरला?

खामकाठचा

औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) छावणीचा, म्हणजे कँटोन्मेंटचा, नागरी भाग महापालिकेत घालायचा विषय परत निघालाय. लोखंडी पुलापलीकडं राहणाऱ्या आम्हा मंडळींना सध्या दुसरा विषय नाही. घरपट्टी किती होईल, पाणी आहे तेवढं तरी राहील का, वरच्या खोलीला परवानगी मिळेल का. त्या गप्पांत परवा एक जण ठासून म्हणाला, छावणी औरंगजेबानं वसवली. दुसऱ्याचं म्हणणं, इंग्रजांनी औरंगाबाद जिंकलं तेव्हा.

इंग्रजांनी औरंगाबाद कधी जिंकलंच नाही. मलिक अंबरनं १६१० ला खडकी वसवली, पुढं ती मोगलांकडं गेली, मोगलांकडून निजामाकडं, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडंच राहिली. तरी खाम नदी ओलांडली की सरळ रेषेतले रस्ते, चर्च, बंगले, परेडची मैदानं. दुसऱ्याच्या राज्यात कुणी एवढं बस्तान कशाच्या जोरावर बसवतं?

निजामानं १७९८ ला आणि मग १८०० ला ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. घोळ इथंच होतो, कारण त्यात फौजा दोन आहेत. एक कंपनीची स्वतःची. तिच्या खर्चापायी निजामानं बळ्ळारी-कडप्पाकडचा मुलूखच तोडून दिला. दुसरी निजामाची, लढाई लागली की त्यानं ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ घेऊन कंपनीच्या मदतीला यायचं. पुढं २३ सप्टेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीनं भोकरदनजवळ असईला केळणा-जुईच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेला गाठलं. त्या मोहिमेत निजामाच्या स्वारांचा उपयोग झाला नाही, ही इंग्रजांची तक्रार. निजामाच्या दरबारातला कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट, हेन्री रसेलच्या काळात त्यावर तोड निघाली: तुमची फौज आम्ही सुधारून देतो. सुधारून म्हणजे अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. १८१६ ला घोडदळाची अशी नवी बांधणी झाली. हीच पुढं 'हैदराबाद कंटिंजंट'. तिची मुख्य ठाणी म्हणजे बोलारम, एलिचपूर, लिंगसुगूर, आणि आपल्याकडं औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (म्हणजे अंबाजोगाई).

छावणीचा इतिहास म्हटलं की लोक लढाया सांगतात. मला वाटतं आधी पगारपत्रक बघायला पाहिजे. आपापल्या गावचं काही माहीत असेल तर लिहा. पाल्हाळ चालेल.

कुंडलिका

जालना यादीत नाही म्हणून बोलते. जालन्याची छावणी कंपनीच्या स्वतःच्या फौजेची, म्हणजे तुमची पहिली. १८१७ ला नागपूरकर भोसल्यांशी बिनसलं तेव्हा ब्रिगेडियर डव्हटन फौज घेऊन जालन्याकडूनच नागपूरला धावला होता. सीताबर्डीच्या दुसऱ्या लढाईचं पारडं त्यामुळं फिरलं. आज जालन्यात सदर बाजार आहे, त्या नावाचं पोलीस ठाणं आहे, पण सदर बाजार छावणीला लागून असतो हे कुणाच्या ध्यानात नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल गाव वसवलं तेही जालन्याजवळच.

आम्हाला आता स्टील आणि मोसंबीच आठवते.

हिशेबनीस

धागा आवडला, पण एक शंका. निजाम म्हणजे जगातला सर्वांत श्रीमंत माणूस वगैरे आपण ऐकत आलो. त्याला दोन-चार रिसाल्यांचा (घोडदळाच्या तुकड्यांचा) पगार जड का व्हावा?

खामकाठचा

@हिशेबनीस, जगातला श्रीमंत निजाम तो सातवा, मीर उस्मान अली, विसाव्या शतकातला. त्याच्या खापरपणजोबांच्या पिढीत खजिन्यात खडखडाट होता.

वर्षाला कंटिंजंटचा खर्च चाळीस लाखांच्या घरात जायचा. इंग्रज अधिकारी गरजेपेक्षा जास्त आणि भत्ते भरमसाठ. 'बिचारा निजाम भरतोय सगळ्यांचं' अशी त्या अधिकाऱ्यांतच थट्टा चालायची. पगार थकला की शिपाई बिथरणार, म्हणून पैसा उसना आणायचा. तिथं येते विल्यम पामरची पेढी. बाप इंग्रज जनरल, आई हिंदुस्थानी बेगम, आणि पेढी हैदराबादेत. औरंगाबादच्या स्वारांचा पगार दरमहा ही पेढी द्यायची आणि बदल्यात महसुलाची वसुली तिच्या नावे लागायची. व्याज शेकडा २४-२५ च्या आसपास. १८२० ला तर ६० लाखांचं कर्ज एका फटक्यात निघालं. नवा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ आला, त्यानं वह्या तपासल्या आणि बोंब मारली, कारण पेढीच्या भागीदारांचे धागे रेसिडेन्सीच्या आत आणि वर गव्हर्नर जनरलपर्यंत पोचलेले होते. १८२४ ला पेढी बुडाली. फौज राहिली, बिल राहिलं.

आता देणं थेट कंपनीचं. चढत चढत १८५३ ला चाळीस लाखांच्या वर गेलं. तेव्हा रेसिडेंट कर्नल लो यानं नासिर-उद-दौलाच्या समोर तहाचा कागद ठेवला. पगाराच्या तारणापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली. म्हणजे तुळजापूर, नळदुर्ग हा सगळा टापू एका फौजेच्या पगारासाठी गहाण पडला! निजामाचा दिवाण सिराज-उल-मुल्क त्याच आठवड्यात वारला आणि त्याचा पुतण्या दिवाण झाला, तो पहिला सालारजंग.

येडशीकर

हे आमच्याकडं कुणालाच माहीत नसतंय. नळदुर्गच्या किल्ल्यात इंग्रज साहेबाचा बंगला दाखवतेत, कर्नल मेडोज टेलरचा. आम्ही शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा मास्तरनी फक्त नर-मादी धबधबा दाखवला आणि "इथं साहेब राहायचा" म्हणून पुढं नेलं. साहेब इथं कामून राहायचा ते आज कळालं. १८५३ ते ५७ हा टेलर आमचा डेप्युटी कमिशनर होता म्हणजे आमचा सारा छावणीच्या पगाराला जात होता!

आमचा मुलूख परत कधी मिळाला मग?

खामकाठचा

१८६० ला. सत्तावनच्या धामधुमीत निजाम आणि सालारजंग इंग्रजांच्या बाजूनं राहिले, त्याचं हे बक्षीस. ५० लाखांचं कर्ज माफ, रायचूर आणि धाराशिव परत. वऱ्हाड मात्र ठेवून घेतलं. सालारजंग १८८३ ला मरेपर्यंत वऱ्हाडासाठी भांडला. १९०२ ला कर्झननं सहाव्या निजामाकडून ते वर्षाला २५ लाखांच्या भाड्यानं कायमचंच घेतलं, आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट स्वतंत्र फौज म्हणून संपली. तिचे रिसाले आणि पलटणी ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात नंबर घालून मिसळल्या.

बारगीर

पगाराचा विषय आहे तर स्वाराच्या बाजूनंही बघू. कंटिंजंटचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. सरकार शिपायाला घोडा देत नसे. घोडा, खोगीर, कपडे, तलवार सगळं स्वाराचं. सरकारची फक्त बंदूक आणि दारूगोळा. दोन स्वारांत मिळून सामानाचं एक तट्टू आणि एक गवत कापणारा. पगार त्या मानानं बरा, पण त्यातच घोड्याचा चारा आणि स्वतःचं पोट.

रिसाल्यातल्या जागेला असामी म्हणायचे. असामी विकत घेता यायची, गहाण टाकता यायची, बापाकडून पोराकडं जायची. ज्याच्याकडं चार-पाच असाम्या तो आपले घोडे देऊन दुसऱ्यांना बसवायचा. ते बारगीर. घोडा मेला तर स्वार रस्त्यावर येऊ नये म्हणून दरमहा 'चंदा' कापून फंड ठेवायचे. आता पगार दोन-तीन महिने थकला तर या माणसाचं काय होत असेल बघा. शिपाई उपाशी राहील, घोडा राहत नाही. तो बाजारातल्या सावकाराकडं जाणार. निजाम पामरच्या दारात आणि स्वार मारवाड्याच्या दारात, असं वरपासून खालपर्यंत उसनवारीवर चाललेलं घोडदळ होतं ते.

ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर बंद झाली. फ्रान्सच्या चिखलात स्वतःचा घोडा स्वतः बदलायचा कुठून?

अवांतर: माळेगावच्या यात्रेत घोडेबाजारात फिरताना म्हातारे व्यापारी अजून घोड्याचे दात आणि खूर ज्या नजरेनं बघतात ते बघून घ्या. यूट्यूबवर कळत नाही.

कयाधूकर

हिंगोलीची हजेरी. आमच्या गावात रिसाला बाजार आहे, पेन्शनपुरा आहे. आता तिथं मोबाईलची दुकानं आणि ट्रॅव्हल्सची ऑफिसं. बस्स, तेवढीच उरली कंटिंजंट.

दोन गोष्टी. पहिली नोवसाजी नाईकांची. हटकर नाईकांचा हा सरदार आमच्याच पट्ट्यातला. त्याच्या नोव्ह्याच्या गढीला कंटिंजंटनं जानेवारी १८१९ मध्ये वेढा घातला. मेजर पिटमन सेनापती होता. आतले लोक महिनाअखेरपर्यंत लढले आणि बहुतेक कापले गेले. 'नोवा' हा युद्धसन्मान कंटिंजंटच्या पलटणींना मिळाला तो या लढाईचा. म्हणजे आपल्याच टापूतली गढी पाडल्याचा मान निशाणावर, आणि ज्यांच्या गढीवर हल्ला झाला त्यांच्याच मुलखाच्या वसुलीतून फौजेचा पगार. खामकाठच्या, तुमचं पगारपत्रक इथं चांगलंच लागू पडतंय.

दुसरी ठगांची. १८३० च्या सुमारास हिंगोलीच्या छावणी बाजारात हरीसिंग नावाचा कापडाचा व्यापारी होता. बडा माणूस, साहेब लोकांशी उठबस. एकदा त्यानं मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला. साहेबानं दिला. कापड निघालेलं होतं, पण ते दुसऱ्याच व्यापाऱ्याचं. हरीसिंगनं त्या व्यापाऱ्याला आणि सोबतच्या गाडीवानांना वाटेत मारलं, परवाना दाखवत माल हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघड्यावर विकला. ठगांच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी स्लीमन, त्याच्या माणसांनी ठग धरायला सुरुवात केली तेव्हा हा त्यांच्यातला मोठा जमादार निघाला. ज्यानं परवाना दिला तो कॅप्टन रेनॉल्ड्स पुढं याच ठगांच्या मागे लागलेल्या अधिकाऱ्यांपैकी एक होता.

छावणी असली की कायदा-सुव्यवस्था चोख असते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

कुंडलिका

बाप रे! त्या कापडाचा सदरा किती साहेबांनी घातला असेल.

मिलकॉर्नर

१८५७ वर कुणीच लिहिलं नाही म्हणून. क्रांती चौकातून रोज जाणाऱ्यांनी तरी वाचावं.

जून १८५७. मोमिनाबादहून औरंगाबादला आणलेल्या पहिल्या रिसाल्यात कुजबुज सुरू झाली की आपल्याला दिल्लीला बादशहाविरुद्ध नेणार. स्वारांनी सांगून टाकलं, दख्खनबाहेर जाणार नाही, बादशहाशी लढणार नाही. अधिकाऱ्यांनी गोड बोलून वेळ काढला आणि पुण्याहून निघालेला जनरल वुडबर्नचा जथा औरंगाबादकडं वळवला. २३-२४ जूनला तो पोचला, तोफा लावल्या, रिसाल्याला शस्त्रं ठेवायला सांगितलं. काही स्वार घोड्यांवर बसून पसार झाले, बाकी धरले गेले. दफादार मीर फिदा अलीनं कॅप्टनवर गोळी झाडली होती, त्याला फाशी. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. जागा काळा चबुतरा, म्हणजे आजचा क्रांती चौक.

पसार झालेल्यांतला जमादार छिदा खान हैदराबादला गेला, या आशेनं की निजाम आसरा देईल. सालारजंगनं त्याला धरून रेसिडेन्सीच्या हवाली केलं. त्याच्या सुटकेची मागणी घेऊन १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर चाल केली. हैदराबादच्या उठावाची ही गोष्ट सगळे सांगतात. तिची वात औरंगाबादच्या छावणीत पेटली होती, हे कमी लोक सांगतात. पुढं तुर्रेबाज मारला गेला आणि मौलवींना अंदमानात धाडलं.

आणि याच कंटिंजंटच्या दुसऱ्या तुकड्या वर्षभरात इंग्रज सेनापती ह्यू रोजसोबत झाशीला होत्या. राणी झाशीतून निसटल्यावर भांडेरपर्यंत पाठलाग करणारा लेफ्टनंट डाउकर हैदराबादच्या घोडदळाचाच. एका छावणीतले स्वार फासावर आणि त्यांचेच भाऊबंद राणीच्या मागावर.

सडेतोड

हे सगळं गुलामीचं कौतुक चाललंय. परक्यांच्या पगारी नोकरांचा इतिहास कशाला उगाळायचा? बंगले पाडा, नावं बदला, विषय संपवा.

हिशेबनीस

सडेतोड, वरचे प्रतिसाद वाचलेत का? इथं कौतुक कमी आणि बिलं जास्त आहेत.

निवृत्त सुभेदार

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, फौजेत होतो, आता पेन्शनीवर. सडेतोड भाऊंना जरा सांगतो, रागावू नका.

त्या 'पगारी नोकरांच्या' पलटणी आजही आहेत. कंटिंजंटच्या पायदळाची १९२२ ला १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, १९४५ ला तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला श्रीनगरचा विमानतळ वाचवताना मेजर सोमनाथ शर्मा पडले, ते ४ कुमाऊँचे. देशातलं पहिलं परमवीर चक्र. १९६२ ला रेझांग ला इथं मेजर शैतान सिंग आणि त्यांची कंपनी, ते १३ कुमाऊँ. मूळ पाळंमुळं बघायला गेलं तर आपल्या हिंगोली-औरंगाबादच्या बराकीत येतंय ते.

घोडदळाचं डेक्कन हॉर्स झालं. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुडपाशी २० वी डेक्कन हॉर्स भाले घेऊन मशीनगनसमोर गेली. घोडदळाचा असा हल्ला त्या आघाडीवर फार थोड्या वेळा झालाय. १९६५ ला तीच रेजिमेंट रणगाडे घेऊन असल उत्तरला होती. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे तिथं उसाच्या फडात रुतले, आणि आपले जुने शर्मन होते डेक्कन हॉर्सकडं.

मग नाव बदला म्हणता, कुणाकुणाचं बदलणार?

आणि छावणी म्हणजे नुसता इतिहास नाही आमच्यासाठी. जालना, बीड, परभणीकडून माझ्यासारखे म्हातारे सकाळच्या एसटीनं येतेत. हातात कापडी पिशवी, पिशवीत कार्ड आणि पेन्शनीचा कागद. आधी दवाखान्यात नंबर लावायचा, बीपीच्या गोळ्या घ्यायच्या, मग कॅन्टीनच्या रांगेत. साबण, तेल, चहापत्ती, सुनेनं लिहून दिलेली चिठ्ठी. रांगेत ओळखी निघतेत, कोण सियाचीनला होता, कोण अखनूरला. एकानं दुसऱ्याचा नंबर धरायचा आणि त्यानं चहा सांगायचा. महापालिका येऊ दे नाहीतर न येऊ दे, ती रांग तशीच ठेवा म्हणजे झालं.

येडशीकर

सुभेदार काका, सलाम. पण एक विचारू का? त्या पलटणींत आपल्याकडचे किती होते?

निवृत्त सुभेदार

खरं सांगायचं तर फार नव्हते बाळा. पायदळात जाट, अहीर, राजपूत, कुमाऊँनी. घोडदळात दखनी मुसलमान होते, पुढं शीख-जाट आले. पैसा इथला, दाणा-चारा इथला, जवान बराचसा वरून आणलेला. आपली पोरं जास्त करून मराठा लाइट इन्फंट्रीत आणि महार रेजिमेंटमध्ये गेली, ती स्वातंत्र्यानंतर.

संपादक मंडळ

चर्चा छान चालली आहे. एकच विनंती, सध्या छावणीत कोणती युनिट कुठं आहे, फाटकं, फोटो, नकाशे हे इथं टाकू नये. तसा एक प्रतिसाद काढला आहे.

अंबानगरीकर

मोमिनाबादचा उल्लेख दोनदा आला, म्हणून भर घालतो. कंटिंजंट गेली तरी अंबाजोगाईचं लष्करी ठाणं संपलं नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनमध्ये निजामाची गोळकोंडा लान्सर्स ही तुकडी इथंच होती. नगरकडून मेजर जनरल ब्रार यांची फौज निघाली, १४ सप्टेंबरला औरंगाबादनं शरणागती दिली. जालन्याला मात्र चांगलीच लढाई झाली. तिथं गोरख्यांची एक कंपनी ठेवून बाकीची फौज लातूर करत मोमिनाबादला आली. लान्सर्सनी नावापुरता गोळीबार केला आणि हत्यारं टाकली. दक्षिणेला सोलापूरकडून जनरल चौधरींची मुख्य फौज नळदुर्गच्या बोरी नदीवरचा पूल पहिल्याच दिवशी ताब्यात घेऊन पुढं गेली होती. १७ सप्टेंबरला खेळ आटोपला.

म्हणजे बघा, १८१६ पासून निजामाची फौज सुधारायचं चाललं होतं. चांगल्या पलटणी इंग्रजांनी १९०३ ला आपल्या सैन्यात घेऊन टाकल्या आणि निजामाकडं जे उरलं ते पाच दिवस टिकलं. मिरवायला दरबारी रिसाले आणि खेड्यापाड्यात धुमाकूळ घालायला रझाकार.

सातबारा

मी छावणीत जन्मलो, वाढलो. इतिहास झाला, आता मुद्द्याचं बोलू. खामकाठच्या, तुमच्या गल्लीतल्या प्रश्नांची उत्तरं घ्या.

देशात ६२ कँटोन्मेंट होती. एप्रिल २०२३ ला हिमाचलमधलं योल पहिल्यांदा वगळलं गेलं. बाकीच्यांचेही नागरी भाग शेजारच्या महापालिका-नगरपालिकेत घालायचं धोरण आहे, लष्करी भाग 'मिलिटरी स्टेशन' म्हणून लष्कराकडं. ३० एप्रिल २०२३ ला कँटोन्मेंट बोर्डांच्या निवडणुका लागल्या होत्या, त्याही रद्द झाल्या. निवडून आलेल्या सदस्यांची मुदत २०२१ लाच संपलेली. तेव्हापासून गटार तुंबलं तर नगरसेवकाच्या दारात जायची सोय नाही. अर्ज करा आणि वाट बघा.

विलीनीकरणात रस्ते, दिवे, दवाखाना, शाळा या नागरी सोयी फुकटात पालिकेकडं जातात. देणीही जातात. जमीन हा वेगळा खेळ आहे. आमच्याकडं सातबारा चालत नाही, माझं नाव म्हणूनच सातबारा ठेवलंय. कँटोन्मेंटात 'जीएलआर', म्हणजे जनरल लँड रजिस्टर. त्यात तुमच्या घराच्या रकान्यात काय लिहिलंय त्यावर सगळं आहे. लीज लिहिलंय का, ओल्ड ग्रँट लिहिलंय का. ओल्ड ग्रँट म्हणजे वरचं बांधकाम तुमचं, खालची जमीन सरकारची. सरकारला लागली तर बांधकामाचे पैसे देऊन परत घेता येते. महापालिकेत गेलो म्हणून जमीन आपोआप आपल्या नावावर होईल, असं जे एजंट सांगत फिरतायत त्यांच्यापासून सावध राहा. पालिका कर घेईल, मालकी देणार नाही.

आणि पाणी? शहरात नळ किती दिवसांनी येतो हे मी लिहायला पाहिजे का?

मिलकॉर्नर

दुसरी बाजू. आज छावणीत एक मजला वाढवायचा तर परवानगीपायी माणूस म्हातारा होतो. बाप वारल्यावर घर पोरांच्या नावावर चढवायला वर्षं जातात. बँक कर्ज देत नाही. शहरातली माणसं छावणीच्या झाडांचं कौतुक करतात, ती झाडं या नियमांमुळंच उरलीत हेही मान्य, पण त्या सावलीची किंमत आत राहणारे भरतात.

बारगीर

म्हणजे पगारपत्रक पुन्हा तिथंच आलं. सोय एकाची, बिल दुसऱ्याला.

कुंडलिका

गुरुवारच्या बाजाराचं काय होणार पण? आमचे मामा भोकरदनहून बैल घेऊन छावणीच्या बाजारात जायचे, मी लहानपणी त्यांच्यासोबत गेलेय. दलाल आणि मामा उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे. तोंडानं एक शब्द नाही, चेहरा दगडासारखा. मध्येच दलाल हात झटकून चालू लागायचा, चार पावलांवर परत यायचा. आजूबाजूला दहा माणसं उभी, आणि आकडा कुणाला कळायचा नाही. सौदा तुटला तर ज्याच्या बैलाला कमी भाव आला त्याची अब्रू झाकलेली. हे मोडून तिथं व्यापारी संकुल उभं राहिलं तर मी त्याला विकास म्हणणार नाही.

सातबारा

ताई, बाजार अजून भरतो. आता टेम्पो जास्त आणि बैल कमी. बाजाराचा ठेका आणि वसुली पुढं कुणाकडं जाईल यावर आतापासूनच गणितं मांडणं चालू आहे, एवढं सांगतो.

हिशेबनीस

एक सुचवू? ज्यांना जमेल त्यांनी एकदा जुनी दफनभूमी बघायला जाऊ. थडग्यांवरचे हुद्दे, पलटणींची नावं, वयं लिहून घेऊ. वय आणि साल लिहिलं तरी कॉलरा-तापाच्या साथी कुठल्या साली आल्या असतील याचा अंदाज लागतो. कयाधूकरांनी हिंगोलीला आणि अंबानगरीकरांनी त्यांच्याकडं तसंच करावं. तीन ठिकाणच्या याद्या एकत्र लावल्या तर कोणती पलटण कधी कुठं होती ते आपल्यालाच जुळवता येईल.

कयाधूकर

हिंगोलीचं माझ्याकडं लागलं. झुडपं फार आहेत, उन्हाळ्यात करतो.

येडशीकर

औरंगाबादला मी येतो. गुरुवारी ठेवू का? म्हणजे बाजारही बघून होईल.

सातबारा

गुरुवारी अजिबात नको. नगर नाक्यापासून गाडी हलत नाही त्या दिवशी. रविवारी सकाळी चर्चची प्रार्थना आटोपल्यावर या, तेव्हा किल्लीवाले काका तिथंच असतात. त्यांना आधी विचारून परवानगी घेतो. ओळखपत्र सोबत ठेवा, आणि लष्करी भागाच्या दिशेनं मोबाईल रोखून फोटो काढत बसू नका. मागच्या वेळी एका पाहुण्याला सोडवायला मला अर्धा दिवस चौकीत बसावं लागलं होतं.